उशिराचं उत्तर म्हणजे चुकीचं उत्तर

मैत्रिणींनो, कल्याणच्या घराघरांतून सकाळचा डबा भरला जातो तो लोकलच्या वेळेवर. भाजी कितीही फक्कड जमली, पण गाडी सुटल्यावर तयार झाली तर काय उपयोग? संगणकातल्या ‘रिअल-टाइम’ कार्यप्रणालीचं मर्म हेच. नुसता वेग नव्हे. ठरलेलं काम ठरलेल्या वेळेच्या आत होणारच, ही हमी.

घरच्या संगणकानं दोन सेकंद जास्त घेतले तर आपण फार तर वैतागू. पण मुंबईच्या उपनगरी मार्गांवर मोटरमननं धोक्याच्या इशाऱ्याकडे काही सेकंदांत लक्ष दिलं नाही, तर यंत्रणेनं आपोआप ब्रेक लावायलाच हवा. तिथे उशीर म्हणजे आपल्या माणसांच्या जिवाशी खेळ!

ही हमी मिळते कामांना अग्रक्रम लावून. दूध उतू जायला लागलं की आपण केर तसाच टाकून धावतो ना, तसं. पण गोम इथेही आहे. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या ‘पाथफाइंडर’ यानाचा संगणक पुन्हापुन्हा आपोआप नव्यानं सुरू होई. निकडीच्या कामाला हवी असलेली सामाईक गोष्ट एका दुय्यम कामाकडे होती आणि त्यालाच मधल्या कामांनी रोखलं होतं. जणू सांडशी धाकटीच्या हातात, अन् तिला पाहुण्यांनी गप्पांत गुंतवलेलं! शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरूनच दुरुस्ती केली: सांडशी हाती असेपर्यंत धाकटीलाही थोरलीचा मान.

तेव्हा कुणी ‘आमचं यंत्र फार जलद’ म्हणालं, तर जरूर विचारा, “वेळेत होईलच, याची खात्री आहे का?”