दुधाचा हिशोब आणि पायथॉन

सकाळी ६. खर्ड्याचं नाव १७९५च्या लढाईमुळे इतिहासात आहे. पहाटे मात्र इथली लगबग दुधाची. संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मोजतात, त्यावरून दर लागतो, पावती निघते. हा हिशोब करणारा माझा प्रोग्रॅम पायथॉनमध्ये आहे.

९. नवं दरपत्रक आलंय. केंद्रचालकांना शेजारी बसवून कोडमधला नियम दाखवतो. "काका, फॅट साडेतीनच्या खाली गेलं की इथं कपात होते." ते स्क्रीनवर बोट ठेवतात, "आन् बरोबर साडेतीनच लागलं तर?" दुसऱ्या भाषांतल्या महिरपी कंस आणि अर्धविरामांच्या गर्दीत त्यांना ती ओळ सापडलीच नसती. गिडो व्हॅन रॉसम यांची १९९१ची ही भाषा मला आवडते ती यासाठी. ज्याच्या पैशाचा नियम आहे, त्याला तो वाचता यायला हवा.

११. पुण्याच्या सहकाऱ्यांशी कॉल. एकजण रस्ट भाषेचा कट्टर चाहता. त्याचा मुद्दा मला पटतो. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. पावतीवर मावावं म्हणून नाव बाइट मोजून कापलं, तर गो भाषा चिन्हाच्या मधूनही मुकाट कापते. रस्ट तिथेच प्रोग्रॅम थांबवते. पायथॉन चिन्ह फोडत नाही, पण पहिली तीन चिन्हं घेतली की 'पाटील'चं 'पाट' होतं. शेतकऱ्याचं नाव असं छापणं मला अजिबात मान्य नाही. आम्ही पावतीवर दुसरी ओळ वाढवायचं ठरवतो.

कॉलवरच्या दुसऱ्या एक सहकारी मोजणीच्या यंत्रांसाठी सी भाषेत लिहितात. डेनिस रिची यांची १९७२च्या सुमाराची भाषा. जिथे मेमरी किलोबाइटांत मोजतात, तिथे त्यांना तीच हवी.

२. पैशांची तपासणी. पायथॉनला २.६७५ दोन दशांशांपर्यंत पूर्णांकित करायला सांगा, उत्तर २.६७ येतं, कारण ती संख्या बायनरीत नेमकी मावत नाही. जावास्क्रिप्टमध्येही हीच अडचण. म्हणून रकमा डेसिमल प्रकारातच ठेवतो. दर दहा दिवसांच्या दुधाच्या पगारात पैसा-पैसा जुळला पाहिजे.

४. लाइट गेली. नोंदी एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये आहेत. अर्धवट राहिलेली नोंद ते पुन्हा सुरू होताना मागे घेतं. तेही सीमध्येच लिहिलेलं.

७. इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी येतो. "दादा, जावा करू का पायथॉन?" मी त्याला दरपत्रक देतो आणि दोन्हींत लिहून आणायला सांगतो.