रोज तीन तास लाइव्ह जाऊनही बघणारे दोघंच का? गेम स्ट्रीमिंगचं गणित समजून घ्या

बारावीची परीक्षा संपली की ओळखीतल्या कुणाची तरी इन्स्टावर स्टोरी पडते, "आज रात्री ९ वाजता लाइव्ह येतोय, सपोर्ट करा भावांनो." पहिल्या दिवशी वर्गातले पंधराजण येतात. दुसऱ्या दिवशी पाच. आठवडाभरात कोपऱ्यातला आकडा दोनवर येऊन थांबतो, आणि त्यातला एक त्याचाच दुसरा मोबाइल असतो.

मग पोराला वाटतं, आपण वेळ कमी देतोय. तीन तासांचे पाच तास होतात. नवा माइक येतो. पुढे घरी पीसीसाठी हट्ट सुरू होतो. आकडा मात्र दोनच.

कारण साधं आहे. नवीन माणूस आणणं हे लाइव्ह स्ट्रीमचं कामच नाही. आलेल्या माणसाला बसवून ठेवणं, त्याच्याशी ओळख करणं हे तिचं काम. माणूस आणायची सोय वेगळीच करावी लागते.

असं का, ते बघू. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ टाकला की तो तिथेच पडून राहतो. तीन महिन्यांनी कुणी काही शोधलं तरी सापडतो. लाइव्ह बघायला मात्र समोरच्याला नेमकं त्याच वेळी मोकळं असावं लागतं. त्यात मांडणीचा प्रश्न. ट्विच २०११ साली सुरू झालं, २०१४ मध्ये ॲमेझॉनने ते सुमारे ९७ कोटी डॉलरला घेतलं. तिथे एखादा गेम निवडला की जास्त प्रेक्षकवाले चॅनेल वर आणि कमीवाले खाली, अशी मांडणी बरीच वर्षं रूढ होती. दहा हजारवाला पहिल्या ओळीत, दोघं बघणारा पार तळाला. तिथपर्यंत स्क्रोल करणार कोण? गर्दी असलेल्या वडापावच्या गाडीवरच आणखी गर्दी होते, तसलाच प्रकार. यूट्यूब बघणाऱ्याच्या सवयीवरून व्हिडिओ सुचवतं, पण दोघांनी बघितलेल्या लाइव्हवरून त्याला तरी काय कळणार?

मग माणसं येतात कुठून?

मुख्यतः क्लिपमधून आणि शोधातून. तीन तासांच्या स्ट्रीममध्ये खरोखर बघण्यासारखे दोन-तीन प्रसंग घडतात. ते तीस-चाळीस सेकंदांत कापायचे, उभ्या स्क्रीनवर बसवायचे आणि शॉर्ट्स-रील्सवर टाकायचे. गंमत पहिल्या दोन सेकंदांतच दिसली पाहिजे. आणि क्लिपमध्ये तुमचा आवाज हवा. नुसता हेडशॉट कुणाचाही सारखाच दिसतो. हेडशॉट चुकल्यावर तुम्ही काय बोललात, ते तुमचं.

दुसरं म्हणजे शोधले जाणारे व्हिडिओ. "कमी रॅमच्या फोनवर गेम अडकू नये म्हणून कोणत्या सेटिंग ठेवायच्या" हे लोक टाइप करतात. "माझी आजची लाइव्ह, भाग ४७" हे कुणीच टाइप करत नाही. आठवड्याला दहा तास हाताशी असतील तर आमच्या मते पाच लाइव्हला द्या आणि पाच या कामाला. दहाही तास लाइव्ह घालवणं म्हणजे पत्रिका न वाटता मांडव घालून बसणं.

आता थोडं गणित. यूट्यूबवर सुपर चॅट आणि मेंबरशिपची सोय मिळायला ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ सार्वजनिक व्हिडिओ आणि वर्षभरात ३,००० तास बघितलं जाणं अशी अट आहे. जाहिरातींचे पैसे हवे असतील तर १,००० सबस्क्रायबर आणि ४,००० तास. (तासांऐवजी शॉर्ट्सच्या व्ह्यूजचा पर्यायही आहे, पण ते आकडे लाखांत जातात.) समजा तुम्ही रोज दोन तास, आठवड्यातून पाच दिवस लाइव्ह जाता. वर्षाचे झाले ५२० तास. एका वेळी सरासरी सहाजण बसलेले असतील तर ३,१२० तास भरतात. आठजण असतील तर ४,१६०.

म्हणजे सगळा खेळ दोनवरून आठवर जाण्याचा आहे, लाखावर जाण्याचा नाही. "आज नव्वद जण येऊन गेले" या आकड्यात फार अर्थ नसतो. एका वेळी किती जण टिकले, तो आकडा बघा. एक काळजी मात्र घ्या, स्ट्रीम संपल्यावर व्हिडिओ डिलीट किंवा प्रायव्हेट केला तर त्याचे तास मोजले जात नाहीत.

गेम कोणता घ्यायचा?

सगळे खेळतात तो घेतला तर गर्दीत हरवता, कुणीच खेळत नाही तो घेतला तर शोधणारं कुणी नसतं. मधला बघायचा, किंवा मोठ्या गेमचा नवा अपडेट आला की पहिल्या दोन दिवसांत त्यावर व्हिडिओ टाकायचा. पण यापेक्षा मोठा धोका दुसराच आहे, आणि तो भारतातल्या स्ट्रीमरांनी अंगावर घेतलाय.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. त्याच गेमवर उभी राहिलेली शेकडो चॅनेल एका संध्याकाळीत बिनविषयाची झाली. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला. जुलै २०२२ च्या अखेरीस तोही स्टोअरवरून गायब झाला, मे २०२३ मध्ये परतला. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२२ मध्ये, फ्री फायरही गेला. यात तगले कोण? ज्यांचा प्रेक्षक गेमसाठी नाही, तर माणसासाठी येत होता ते. मुंबईचा नमन माथूर, म्हणजे मॉर्टल, मुळात मिनी मिलिशियाचे व्हिडिओ करायचा, नंतर पबजीवर आला. आदित्य सावंत, म्हणजे डायनॅमो, याचं "पट से हेडशॉट" लोकांच्या तोंडी बसलं. लोकांनी आवाज ओळखीचा केला होता, गेम बदलला तरी तो आवाज तोच राहिला.

म्हणून सुरुवातीपासून महिन्यातून दोन-चार वेळा वेगळा गेम खेळा. त्या दिवशी किती जण टिकतात, तेवढेच खरे तुमचे.

भाषेचं काय? सावंत किंवा 'मिथपॅट' मिथिलेश पाटणकर ही आडनावं आपली, पण चॅनेल मुख्यतः हिंदीत. हिंदीत प्रेक्षक अफाट आहे आणि स्पर्धाही तेवढीच. मराठीत प्रेक्षक कमी, पण नव्या माणसाला सापडण्याची शक्यता जास्त. आणि मराठीत शिव्या न देता हसवणारा माणूस सापडला की लोक मित्रांना लिंक पाठवतातच. सुरुवात मराठीतून करावी असं आमचं मत. शीर्षकही मराठीतच द्या, म्हणजे शोधणाऱ्याला मिळेल.

चॅट रिकामी असली तरी बोलत राहा. आत आलेला माणूस काही सेकंदांत ठरवतो थांबायचं की नाही, आणि तेव्हाच तुम्ही गप्प असाल तर तो गेला. प्रेक्षकांचा आकडा स्वतःपुरता झाकून ठेवा. चित्र ७२०पी असलं तरी लोक चालवून घेतात, खरखरणारा आवाज नाही. इंटरनेटचा अपलोड वेग तपासा, डाउनलोड नव्हे. राउटरला इन्व्हर्टरची जोड द्या, वीज काय आपल्याला विचारून जात नाही.

मोबाइलवरून यूट्यूब लाइव्ह करायचं तर आधी ५० सबस्क्रायबर लागतात. पहिल्यांदा लाइव्ह सुरू करताना परवानगीला २४ तास लागू शकतात. जुलै २०२५ पासून एकट्याने लाइव्ह जाण्यासाठी किमान वय १६ आहे.

"तू मला कर, मी तुला करतो" या सबस्क्राइबच्या ग्रुपमध्ये शिरू नका. हे यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे, शिवाय अशी मंडळी तुमची स्ट्रीम कधीच बघत नाहीत. मागे चित्रपटातली गाणी लावली तर कॉपीराइटचा दावा येतो.

थोडे प्रेक्षक जमले की मेल येऊ लागतात, "आमच्या ॲपची जाहिरात करा, इतके हजार देतो." ॲप पैसे लावून खेळण्याचं असेल तर सरळ नाही म्हणा. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने अशा गेमवर बंदी आणली आहे. जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.