काकवीचा वास, खजुराची चव : लाकडी पिंपात मुरलेली बेल्जियमची ‘स्ट्राँग’ बिअर लागते तरी कशी?

बाटली छोटी, पण अल्कोहोल १० ते ११ टक्के. भारतातल्या ‘स्ट्राँग’ बिअरपेक्षा ही वेगळी कशी? चवीमागचं विज्ञान आणि बाटलीमागचा हिशेब, सोप्या भाषेत

वरवंड (ता. दौंड) : पुणे-सोलापूर महामार्गावर वरवंड, पाटस, केडगावच्या पट्ट्यात ऊस हंगामात गाडीची काच खाली केली की गुऱ्हाळाचा वास आत येतो. काहिलीत रस आटतो, रंग सोनेरीचा तांबूस होतो आणि गूळ बनण्याच्या थोडं आधी काकवी तयार होते. गोड, किंचित करपट, नाकात रेंगाळणारा हा वास या भागात लहान मुलंही ओळखतात.

हजारो किलोमीटर दूर बेल्जियममध्ये बनणाऱ्या काळपट, तेज बिअरच्या ग्लासातूनही जवळपास असाच वास येतो. परदेशात नोकरीला असलेलं कुणी सुट्टीवर येताना अशी एखादी बाटली घेऊन येतं. मग घरात दोन प्रश्न हमखास निघतात. ‘एवढीशीच बाटली?’ आणि ‘ही बिअर आहे की दुसरं काही?’ दोन्ही प्रश्नांची उत्तरं जाणून घेऊया.

बिअरमध्ये साखर कशासाठी?

बिअर मुळात जवाच्या माल्टपासून बनते. म्हणजे जव भिजवून, मोड आणून, वाळवून घेतलेलं धान्य. त्यातली साखर यीस्ट खातं आणि अल्कोहोल तयार होतं. फक्त माल्ट वाढवून ११ टक्क्यांपर्यंत गेलं तर बिअर पाकासारखी जड होऊ शकते, कारण माल्टमधला काही गोड भाग यीस्टला पचत नाही.

बेल्जियमच्या ब्रुअरनी यावर जुना तोडगा काढला आहे. माल्टच्या जोडीला ते साखर किंवा आटवलेल्या साखरेचा पाक घालतात. त्याला ‘कँडी सिरप’ म्हणतात. आपल्याकडे ऊस, तर त्यांच्याकडे शुगर बीट. ही साखर यीस्ट जवळपास पूर्ण संपवतं. त्यामुळे अल्कोहोल वाढतं, पण बिअर चिकट होत नाही. मागे उरतो तो आटवलेल्या साखरेचा रंग आणि वास. काकवीची आठवण येते ती इथेच.

लाकडी पिंप काय करतं?

अशा बिअरपैकी काही पुढे ओक लाकडाच्या पिंपात महिनोन्‌महिने मुरवतात. पिंप बनवताना आतली बाजू आगीवर भाजलेली असते. या भाजणीत लाकडाचे घटक तुटतात आणि नवे वास तयार होतात :

• व्हॅनिलिन : व्हॅनिला आइस्क्रीमचा ओळखीचा वास
• युजेनॉल : लवंगेत असतं तेच द्रव्य
• ओक लॅक्टोन : खोबऱ्याची आठवण करून देणारा वास
• फरफ्युरल : भाजलेला बदाम, कॅरॅमल

पिंप बहुतेक वेळा वापरलेलं असतं. आधी त्यात कोन्याक, रम किंवा व्हिस्की मुरलेली असते. लाकडात शोषलेलं ते मद्य बिअरमध्ये उतरतं. बेल्जियमच्या शिमे मठाची ‘ग्रांद रिझर्व्ह’ ही बिअर साधारण ९ टक्क्यांची आहे, तर तिचीच पिंपात मुरवलेली आवृत्ती १०.५ टक्क्यांची.

लाकडातून हवाही अगदी थोडी आत झिरपते. त्यामुळे बिअरचा तिखटपणा उतरतो आणि सुक्या मेव्यासारखी चव येते.

चव नेमकी कशी लागते?

रंग : गडद तपकिरी, उजेडात धरल्यावर लालसर. वर बदामी फेस.

वास : सुरुवातीला काकवी, मनुका, खजूर. मग व्हॅनिला आणि ओल्या लाकडाचा वास. बेल्जियन यीस्टमुळे पिकलेलं केळं आणि लवंगेचीही झाक येते.

पहिला घोट : आधी गोडवा, पाठोपाठ घशात ऊब. ही ऊब अल्कोहोलची.

शेवट : लाकडामुळे जीभ थोडी कोरडी पडते. कोऱ्या चहानंतर पडते तशीच, कारण दोन्हीकडे टॅनिन असतं.

पिंपातली प्रत्येक बेल्जियन बिअर गोड असते असं मात्र नाही. रुसेलारे शहरातली ‘रोडेनबाख’ मोठ्या ओकच्या पिंपांत दोन वर्षांपर्यंत मुरते. ती आंबट लागते आणि तिच्यात अल्कोहोलही बरंच कमी असतं.

फ्रीजमधून काढून लगेच प्यायची?

नाही. बर्फासारख्या थंड बिअरमध्ये हे वास दबून जातात. अशा बिअरसाठी साधारण १० ते १४ अंश तापमान योग्य मानलं जातं. बऱ्याच बाटल्यांच्या तळाशी यीस्टचा गाळ असतो, म्हणून बाटली उभी ठेवतात आणि सावकाश ओततात.

आपल्याकडे खरी अडचण उन्हाळ्याची. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांजवळ जातो, तेव्हा कपाटात ठेवलेल्या बाटलीची चव लवकर शिळी, पुठ्ठ्यासारखी होते. मुरवणं वेगळं आणि उकाड्यात ठेवणं वेगळं.

इथली ‘स्ट्राँग’ आणि तिथली ‘स्ट्राँग’

एफएसएसएआयच्या २०१८ च्या नियमावलीनुसार ५ टक्क्यांपेक्षा जास्त आणि ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बिअर ‘स्ट्राँग’ ठरते. बेल्जियमची रोशफोर १० ही ११.३ टक्क्यांची, तर वेस्टव्लेटरेन १२ ही १०.२ टक्क्यांची. म्हणजे त्या आपल्या चौकटीच्या बाहेरच्या आहेत. नावातले १० आणि १२ हे आकडे अल्कोहोलचे टक्के नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं.

आता ‘एवढीशीच बाटली?’ या प्रश्नाकडे येऊ. बाटलीतलं शुद्ध अल्कोहोल काढायचं तर मिलीलिटरला टक्क्यांनी गुणायचं आणि शंभराने भागायचं :

• ६५० मिली साधी बिअर, ५ टक्के : ३२.५ मिली
• ६५० मिली स्ट्राँग बिअर, ८ टक्के : ५२ मिली
• ३३० मिली बेल्जियन बिअर, ११.३ टक्के : सुमारे ३७ मिली
• ६० मिली व्हिस्की, ४२.८ टक्के : सुमारे २६ मिली

म्हणजे ही छोटी बाटली साध्या बिअरच्या मोठ्या बाटलीपेक्षा जड आहे आणि जवळपास दीड मोठ्या पेगइतकी आहे. गोडव्यामुळे ते जाणवत नाही आणि फसगत होते ती इथेच. बेल्जियममध्ये ही बिअर रुंद तोंडाच्या ग्लासात, हळूहळू, अनेकदा चीजसोबत घेतली जाते. तहान भागवायला ती कुणी पीत नाही.

गाडी चालवायची असेल तर?

मोटार वाहन कायद्यात १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. ती ओलांडली तर पहिल्या गुन्ह्यासाठी १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अशी एक बाटली एकट्याने घेतली तर अनेकांच्या बाबतीत ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. वरवंडसारख्या महामार्गावरच्या गावात तर ‘एकच बिअर घेतली’ हे कारण कुणी सांगू नये आणि कुणी ऐकूनही घेऊ नये.

थोडक्यात

बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. तिथल्या चवीचं वर्णन करताना इंग्रजीतले जड शब्द वापरले जातात. गुऱ्हाळाच्या पट्ट्यातल्या माणसाला त्यांची गरज नाही. काकवी, खजूर, लवंग, खोबरं हे शब्द त्याच्याकडे आधीपासूनच आहेत. आणि त्यातले बहुतेक वास घ्यायला बाटलीही लागत नाही. हंगामात गुऱ्हाळावर वाटीभर गरम काकवी मागितली तरी पुरे.

(मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे. मद्याचं कोणतंही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.)