उत्तर ओठांवर येते तेव्हा

वाचकहो, हा अंक क्षणभर मांडीवर ठेवा, मोबाइल दूर सारा आणि कोणालाही न विचारता पुढील सहा प्रश्नांची उत्तरे मनाशी जुळवून पाहा.

१. बीड जिल्ह्यातील अकराही तालुक्यांची नावे कोणती?
२. निजामाच्या राजवटीत अंबाजोगाईला कोणत्या नावाने ओळखले जाई?
३. स्वामी रामानंद तीर्थ यांचे पूर्वाश्रमीचे नाव काय?
४. दशमान नाणी येण्यापूर्वी एका रुपयाचे आणे किती आणि पैसे किती होत?
५. मृगापासून हस्तापर्यंत पावसाची नक्षत्रे क्रमाने सांगता येतील का?
६. परळीचा वैजनाथ धरून महाराष्ट्रातील पाच ज्योतिर्लिंगे कोणती मानली जातात?

उत्तरे लेखाच्या शेवटी दिली आहेत. पण तिकडे एवढ्यात वळू नका. एखादे नाव अगदी ओठांवर आले असेल आणि उमटत नसेल, तर त्या अस्वस्थतेत थोडे थांबा. त्या थांबण्यातच या लेखाचा विषय आहे.

वाचणे वेगळे, आठवणे वेगळे

आपल्या जुन्या शाळांमध्ये आणि घरांमध्ये दिवेलागणीला परवचा होत असे. पाढे, पावकी, निमकी, दिडकी, तिथी, महिने, नक्षत्रे हे सारे पुस्तक न पाहता म्हणायचे असे. पुढे पाठांतराला नावे ठेवण्याची रीत पडली. अर्थ न समजता केलेल्या घोकंपट्टीबद्दल ती टीका योग्यही आहे. परंतु परवच्याचा एक गुण आपल्या नजरेतून सुटला. मुलाला दररोज तेथे ज्ञान नव्याने दिले जात नसे. आधी दिलेले त्याच्याकडून परत मागितले जाई.

परत मागण्याने स्मरण पक्के होते, याचा उत्तम प्रयोग सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचून नंतर तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा दोनदा वाचणारे किंचित पुढे होते. आठवड्याने मात्र चित्र उलटले. आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात सुमारे ५६ टक्के मजकूर होता, तर पुन्हा वाचणाऱ्यांच्या लक्षात सुमारे ४२ टक्के. तो प्रयोग तरुणांवरचा होता. पण त्यातील धडा घरात वापरण्याजोगा आहे. औषधांची नावे, नातवाच्या शाळेचे नाव, नव्या सुनेच्या माहेरचे गाव या गोष्टी वारंवार ऐकून जितक्या टिकतात, त्याहून स्वतः आठवून सांगितल्याने अधिक टिकतात.

वयाबरोबर काय जाते आणि काय राहते

साठी ओलांडल्यावर मेंदूचा वेग थोडा मंदावतो. नवे नाव चटकन बसत नाही, एका वेळी दोन कामे जमत नाहीत आणि ओळखीच्या माणसाचे नाव ऐन वेळी दगा देते. नावे सर्वांत आधी अडतात याला कारण आहे. ‘कुंभार’ म्हटले की मडकी, चाक, माती असे दहा धागे मनात हलतात. एखाद्याचे आडनाव ‘कुंभार’ आहे हे मात्र एकाच धाग्यावर लोंबकळत असते. तो धागा सापडला नाही की माणूस डोळ्यांसमोर दिसतो आणि नाव सापडत नाही. थोड्या वेळाने, विचार सोडून दिल्यावर ते आपोआप आठवले, तर चिंतेचे कारण सहसा नसते.

याउलट आयुष्यभर साठवलेले ज्ञान आणि शब्दसंपत्ती वृद्धापकाळातही बराच काळ टिकते. म्हणूनच सामान्य ज्ञानाच्या खेळात आजोबा अनेकदा नातवाला हरवतात. ज्या वयात पायऱ्या, डोळे आणि कान रोज माघार घ्यायला लावतात, त्या वयात असा विजय लहान मानू नये.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. सामान्य ज्ञान म्हणजे शाळेत शिकलेले ज्ञान नव्हे. आपल्या भागातील कित्येक आजींनी शाळेची पायरी पाहिलेली नाही. परंतु तरणा पाऊस कोणत्या नक्षत्राचा आणि म्हातारा कोणत्या, कोणत्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो, १९७२ च्या दुष्काळात कामावर सुकडी कशी मिळे, हे त्यांना विचारून पाहा. प्रश्न त्यांच्या आयुष्यातले निवडले तर निरक्षर माणूसही या खेळात पंडित ठरतो. प्रश्न चुकीचे निवडले तर पदवीधरही गप्प बसतो.

घरचा खेळ कसा मांडावा

दूरचित्रवाणीवर ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले ते २००० साली. तेव्हापासून घराघरांत पडद्यावरच्या स्पर्धकाआधी उत्तर देण्याची चढाओढ लागते. ती चांगलीच आहे. मात्र तेथे चार पर्याय समोर असतात. म्हणजे उत्तर ओळखायचे असते. पर्यायांविना उत्तर शोधून काढणे अधिक कठीण असते आणि स्मरणाचा खरा व्यायाम त्यातच होतो. घरच्या खेळात हा फरक उपयोगी पडतो. आधी पर्यायांविना विचारा. अडले तर पहिले अक्षर सांगा. तरीही अडले तर दोन पर्याय द्या. अशा रीतीने बहुतेक प्रश्न ज्येष्ठांच्या स्वतःच्या तोंडून सुटतात आणि कोणी रित्या हाताने उठत नाही.

आणखी काही पथ्ये सांगतो.

वेळ पंधरा मिनिटांहून अधिक नको. दमलेल्या, भुकेल्या किंवा झोप न झालेल्या माणसाचे स्मरण मंदावतेच. मधुमेही व्यक्तीला उपाशीपोटी खेळात बसवू नका.

दूरचित्रवाणी बंद करा आणि समोरासमोर बसा. चष्मा आणि कानाचे यंत्र लावलेले असू द्या. ‘आठवत नाही’ असे वाटणाऱ्या कित्येक प्रसंगी प्रश्नच नीट ऐकू आलेला नसतो.

प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. तरुणांची घाई हा या खेळातला सर्वांत मोठा अडथळा आहे. उत्तर उशिरा येते म्हणजे ते नाही असे नव्हे.

प्रश्न विचारण्याचा मान ज्येष्ठांनाही द्या. नातवाने राज्यांच्या राजधान्या विचाराव्यात, आजीने नक्षत्रे आणि जुनी मापे विचारावीत. दोघांनाही एकमेकांचे काही शिकता येते.

मोबाइल शेवटी उघडा. दोन मते पडली तर आधी दोघांनी आपापले कारण सांगावे, मगच पडताळावे.

चुकलेला प्रश्न सोडून देऊ नका. योग्य उत्तर लगेच सांगा. मग तोच प्रश्न तासाने, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा विचारा. अंतर वाढवत नेले की उत्तर रुजते.

गुण मांडायचेच असतील तर जोड्यांना द्या. आजोबा आणि नात एका बाजूला, वडील आणि नातू दुसऱ्या बाजूला. एकट्या माणसाच्या नावापुढे शून्य लिहू नये.

आपल्या जिल्ह्यातील एक वास्तव येथे विसरता येत नाही. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे जातात आणि वाड्या-तांड्यांवर उरतात ती वृद्ध माणसे आणि शाळकरी नातवंडे. त्या महिन्यांत घरातील बोलणे ‘जेवलास का’ आणि ‘अभ्यास कर’ एवढ्यावर येते. रात्रीच्या जेवणाआधी पाच प्रश्न नातवंडाने आणि पाच आजीने विचारावेत. फडावरच्या लेकाचा फोन आला की त्यालाही एक प्रश्न टाकावा आणि उत्तर दुसऱ्या दिवशी मागावे. यासाठी खर्च काही नाही आणि उद्याच्या फोनची वाट पाहायला एक आनंदाचे कारण मिळते.

या खेळाने स्मृतिभ्रंश टळतो का?

हा प्रश्न दवाखान्यात नेहमी विचारला जातो आणि त्याचे प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ व्यक्तींचा काही वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. वाचन करणारे, पट मांडून खेळणारे, वाद्य वाजवणारे आणि नृत्य करणारे यांच्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. परंतु खेळल्यामुळे आजार टळला, की आजाराची सुरुवात न झालेली माणसेच अधिक खेळत होती, हे अशा अभ्यासातून निर्विवादपणे सांगता येत नाही. म्हणून प्रश्नमंजूषा म्हणजे औषध, असे मी म्हणणार नाही. जो सराव कराल त्यात प्रगती होते, मन गुंतते, माणसे जवळ बसतात. एवढे मात्र खात्रीने सांगता येते.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाशी निगडित असे चौदा बदलता येण्याजोगे घटक सांगितले. त्यात वाढलेला रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, मद्यपान, बहिरेपणा, अधू दृष्टी, नैराश्य, शरीराला व्यायाम नसणे आणि एकाकीपणा यांचा समावेश आहे. या यादीकडे नीट पाहा. खेळ मांडताना तुम्ही कानाचे यंत्र शोधता, चष्मा पुसता आणि एकट्या बसलेल्या माणसाला चार जणांत आणता, तेव्हा या यादीतील तीन गोष्टींना आपोआप हात घातलेला असतो. रक्तदाबाची गोळी मात्र वेगळी घ्यावीच लागते.

जेथे प्रश्न विचारू नयेत

आता सर्वांत महत्त्वाचे. भारतात साठीपुढील लोकांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के असल्याचा अंदाज एका देशव्यापी पाहणीवरून करण्यात आला आहे. म्हणजे हा आजार आपल्या गल्लीतही आहे. अशा घरात पाहुणे आले की एक दृश्य हमखास दिसते. वृद्ध आईसमोर कोणाला तरी उभे करतात आणि विचारतात, ‘सांग बरं, हे कोण?’ आई गोंधळते, कसनुसे हसते, चुकीचे नाव घेते आणि सारे हसतात किंवा हळहळतात. विचारणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण आईच्या वाट्याला चारचौघांत नापास होणे येते आणि हळूहळू ती माणसांत बसायचेच टाळू लागते.

तेथे प्रश्न नको, उत्तरच द्या. ‘आई, हा तुझा भाचा, केजहून आला आहे,’ असे म्हणून तिचा हात त्याच्या हातात द्या. या आजारात नुकतेच घडलेले आधी पुसले जाते आणि तरुणपणातले पुष्कळ काळ टिकते. ‘सकाळी काय जेवलीस?’ या प्रश्नावर ती अडेल; ‘पुरणाला आधी काय करायचं गं?’ असे विचारले तर कदाचित सारी कृती सांगेल. सुरुवात तुम्ही करावी, शेवट तिने करावा, असे अर्धे वाक्य पुढे करणेही चांगले. चुकली तर दुरुस्त करू नका. खेळ तेथेच दुसऱ्या विषयाकडे वळवा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

प्रश्नमंजूषेत उत्तर चुकणे हे आजाराचे लक्षण नाही आणि सारी उत्तरे बरोबर येणे हा निरोगीपणाचा दाखला नाही. लक्ष ठेवायचे ते रोजच्या व्यवहारावर. तीच गोष्ट थोड्या वेळात पुन्हा पुन्हा विचारणे, पायाखालच्या वाटेवर चुकणे, पैशांचा हिशेब न जमणे, नेहमीचा स्वयंपाक विसरणे, गोळ्या दोनदा घेणे, स्वभाव एकाएकी बदलणे यांपैकी काही दिसले तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. थायरॉइडचा दोष, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, झोपेच्या गोळ्या किंवा बहिरेपणा यांमुळेही विस्मरण होते आणि यांवर उपाय आहेत.

गोंधळ तासाभरात किंवा दिवसभरात अचानक सुरू झाला असेल तर ती तातडीची बाब समजा. जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम किंवा साखर घसरणे, पक्षाघात यांपैकी काहीही असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ ही शासकीय मदतवाहिनी घरात ठळक लिहून ठेवा.

उत्तरे

१. बीड, गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, केज, अंबाजोगाई, परळी, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार.
२. मोमिनाबाद.
३. व्यंकटेश भगवानराव खेडगीकर.
४. सोळा आणे, म्हणजेच चौसष्ट पैसे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली.
५. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा.
६. त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर, घृष्णेश्वर, औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ.

जी उत्तरे आली नाहीत त्यांच्यापुढे पेन्सिलीने खूण करा. तेच प्रश्न आज रात्री जेवणाआधी स्वतःला विचारा आणि उद्या सकाळी घरातल्या कोणाला तरी विचारायला सांगा.