राजधानीचे चिलखत

राज्याची राजधानी म्हणजे राज्याचे हृदयच होय. खजिना, दफ्तर, मसलती आणि राजपरिवार ही सारी तेथेच असतात. सीमेवरील एखादे ठाणे गेले, तर ते पुन्हा जिंकून घेता येते. पण राजधानी शत्रूच्या हाती पडली की, साऱ्या राज्याचाच धीर खचतो. म्हणून राजधानीचे रक्षण कसे करावे, हा प्रश्न प्रत्येक काळातील राज्यकर्त्यांना पडत आला आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी या प्रश्नाला सह्याद्रीच्या कुशीत जे उत्तर दिले गेले, ते राजगडाच्या रूपाने आजही उभे आहे.

भोरजवळ वेळवंडी नदीला भाटघर येथे धरण बांधून अडविले आहे. धरणाचे पाणी डोंगरांच्या कुशीत दूरवर पसरलेले आहे. या जलाशयाच्या वरच्या अंगाला, उत्तरेकडे, वेळवंडी आणि गुंजवणी या नद्यांच्या खोऱ्यांमध्ये एक बेलाग डोंगर उभा आहे. त्याचे जुने नाव मुरुंबदेव. शिवाजी महाराजांनी शेजारचा तोरणा किल्ला घेतल्यावर या डोंगराची निवड केली, तेथे तटबंदी उभारली आणि त्याला 'राजगड' असे नाव दिले. तोरण्यावर सापडलेले धन या कामी खर्ची पडले, असे बखरकार सांगतात. राजधानी रायगडावर जाईपर्यंत, सुमारे पंचवीस वर्षे, स्वराज्याचा कारभार राजगडावरून चालला.

राजगडाच्या रक्षणाचे तत्त्व समजण्यास सोपे आहे. एकच भिंत कितीही जाड बांधली, तरी ती कधी ना कधी फुटतेच. म्हणून राजधानीभोवती एकामागून एक अशी अनेक कडी असावी लागतात. प्रत्येक कडे शत्रूला थोडे थकविते आणि आतल्यांना थोडा वेळ मिळवून देते. युद्धात वेळ हीच मोठी शक्ती होय.

पहिले कडे दगडाचे नव्हते. ते माहितीचे होते. बहिर्जी नाईक यांच्यासारख्या हेरांमुळे शत्रूच्या हालचाली आधीच कळत. दुसरे कडे शेजारच्या किल्ल्यांचे. पश्चिमेस तोरणा, उत्तरेस कोंढाणा, पूर्वेस पुरंदर आणि भोरच्या बाजूस रोहिडा. राजगडाकडे येऊ पाहणाऱ्या फौजेला या किल्ल्यांतील मराठे मागे सोडून पुढे जाणे धोक्याचे होई. तिसरे कडे निसर्गानेच घातलेले होते. दाट झाडी, अरुंद वाटा आणि उंच कडे यांमुळे मोठ्या तोफा वर चढविणे महाकठीण होते.

या तिन्ही कड्यांतून शत्रू पार झालाच, तर त्याची गाठ प्रत्यक्ष गडाशी पडे. डोंगराच्या माथ्याखाली पसरलेल्या सपाट सोंडेला माची म्हणतात. राजगडाला अशा तीन माच्या आहेत: पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. तिन्हींच्या मधोमध उंच कातळावर बालेकिल्ला आहे. प्रत्येक माची तटबंदीने बंदिस्त केली असल्याने ती जणू स्वतंत्र किल्लाच झाली आहे. त्यामुळे एक माची पडली, तरी गड पडत नाही. शेवटचा आसरा म्हणजे बालेकिल्ला. त्याची चढण इतकी उभी आहे की, वर जाणाऱ्याला हातांचाही आधार घ्यावा लागतो. गडावर तळी आणि पाण्याची टाकी आहेत. कारण पाणी संपले की, सर्वांत भक्कम तटही निरुपयोगी ठरतो.

बांधकामाचे खरे कौशल्य पाहावे ते संजीवनी माचीवर. ही माची सुमारे अडीच किलोमीटर लांब असून ती तीन टप्प्यांत उतरत जाते. येथे तटाच्या आत दुसरा तट आणि बुरुजाच्या आत दुसरा बुरूज आहे. योद्धा अंगरख्यावर चिलखत चढवितो, त्याप्रमाणे आतील बुरुजावर बाहेरच्या बुरुजाचे आवरण चढविलेले असते. म्हणून अशा बुरुजाला चिलखती बुरूज म्हणतात. तोफेचा गोळा प्रथम बाहेरच्या भिंतीवर बसे आणि आतील भिंत शाबूत राही. बाहेरची भिंत फोडून शत्रू आत घुसला, तरी तो दोन भिंतींमधील अरुंद आणि खोल बोळात सापडे. तेथे त्याला ना पसरता येई, ना शस्त्र मोकळेपणाने चालविता येई. वरच्या तटावरील मूठभर माणसे मग मोठ्या तुकडीलाही भारी पडत.

या चिलखताची परीक्षा लवकरच झाली. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंग मोठी मोगल फौज घेऊन स्वराज्यावर चालून आले. एप्रिलच्या अखेरीस मोगलांची एक फौज राजगडाजवळ येऊन भिडली. गडावरून असा जोरदार मारा झाला की, तिला माघार घ्यावी लागली. राजधानी सुरक्षित राहिली. परंतु खालच्या खोऱ्यांतील गावे मात्र जळाली. त्यापूर्वी १६६० सालीही शाइस्तेखानाच्या फौजेने गडाला हात न लावता आसपासची गावे उद्ध्वस्त केली होती. तट गडाला वाचवितो. तटाबाहेरच्या झोपडीला तो वाचवू शकत नाही. गडाच्या रक्षणाची ही किंमत मावळातील रयतेने मोजली.

तिकडे पुरंदरला मोगलांचा वेढा पडला होता. तेथे मुरारबाजी देशपांडे लढता लढता धारातीर्थी पडले. अखेर जून १६६५ मध्ये तह झाला आणि महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले. राजगड आणि तोरणा उरले, पण पुरंदर, कोंढाणा आणि रोहिडा गेले. म्हणजे राजधानीभोवतीचे शेजारच्या किल्ल्यांचे कडेच तुटले. आग्र्याहून सुटून महाराज १६६६ साली राजगडावर परतले, तेव्हा शत्रूचे निशाण राजधानीच्या दारातच फडकत होते. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे यांनी प्राण वेचून कोंढाणा घेतला आणि पुढच्याच महिन्यात पुरंदरही परत आला. तानाजींच्या पराक्रमाची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या पराक्रमाने राजधानीचे तुटलेले कडे पुन्हा सांधले, हे त्या कथेचे मर्म होय.

तथापि कोणतेही चिलखत अभेद्य नसते. १७०३ च्या अखेरीस खुद्द औरंगजेबाने राजगडाला वेढा घातला आणि फेब्रुवारी १७०४ मध्ये गड त्याच्या हाती गेला. पण तो पुन्हा जिंकून घेणारी माणसे शिल्लक होती. काही वर्षांतच मराठ्यांनी तो परत मिळविला.

आज शत्रू घोड्यावरून येत नाही. शेकडो किलोमीटरांवरून सोडलेले क्षेपणास्त्र काही मिनिटांत राजधानीवर येऊन आदळू शकते. तरीही रक्षणाचे तत्त्व तेच राहिले आहे. हेरांच्या जागी आता रडार आहे. येणारे क्षेपणास्त्र ते दुरूनच हेरते. मग आपले क्षेपणास्त्र झेपावते आणि त्याला वाटेतच गाठते. रशियाची राजधानी मॉस्को हिच्याभोवती अशी यंत्रणा विसाव्या शतकातच उभारली गेली. आपल्या संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेने नोव्हेंबर २००६ मध्ये सुमारे पन्नास किलोमीटर उंचीवर, तर डिसेंबर २००७ मध्ये सुमारे पंधरा किलोमीटर उंचीवर, लक्ष्य म्हणून सोडलेले क्षेपणास्त्र नष्ट करून दाखविले. उंचावरचे कडे चुकवून जे निसटेल, ते खालच्या कड्याने अडवावे, अशी ही योजना आहे. संजीवनी माचीच्या दुहेरी तटामागील विचार याहून वेगळा नव्हता.

२०२५ साली राजगडासह बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांच्या दगडी बांधकामाचे मोल जगाने मान्य केले. पण त्या दगडांमागे माणसे होती. भाटघरच्या जलाशयाला ज्यांचे नाव दिले आहे, ते येसाजी कंक राजगडाच्या पायथ्याजवळील भुतोंडे गावचे. त्यांच्यासारखे मावळे आपली घरे खालच्या खोऱ्यांत ठेवून वर तटावर उभे राहिले. तट वेळ मिळवून देतो. त्या वेळेचे चीज करणे माणसांच्याच हाती असते.