विश्लेषण : क्लच सोडताच गाडी थरथरते, सिग्नलला बंद पडते... जुन्या कारमध्ये दोष क्लचचा की इंजिनाचा?

जुनी पेट्रोल कार घेताना आपण रंग, टायर, किलोमीटरचा आकडा आणि गाडी कितव्या मालकाची आहे हे पाहतो. मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारतो आणि गाडी ‘मस्त पळते’ म्हणून सौदा ठरतो. खरी तक्रार पहिल्या आठवड्यात सुरू होते. सिग्नल सुटल्यावर क्लच सोडताना सगळी गाडी हादरते किंवा पार्किंगमध्ये वळवताना इंजिन बंद पडते. ही दोन्ही लक्षणे अनेकदा एकत्र दिसतात आणि ‘क्लच प्लेट गेली’ हे दोन्हींवरचे ठरलेले उत्तर असते. मात्र क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि खर्च हजारांत जातो. एवढे करूनही गाडी सिग्नलला बंद पडतच राहिली, तर दोष दुसरीकडेच होता हे उशिरा कळते. म्हणून आधी दोन्ही दोष वेगळे ओळखायला हवेत.

क्लच थरथरतो म्हणजे नेमके काय होते?

इंजिनाला जोडलेले फ्लायव्हील सतत फिरत असते. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर क्लच प्लेट असते आणि प्रेशर प्लेट तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पेडल दाबले की ही पकड सुटते, पेडल सोडले की पुन्हा बसते. गाडी जागेवरून हलताना काही क्षण प्लेट फ्लायव्हीलवर घसरत घसरत पकड घेते. यालाच आपण ‘हाफ क्लच’ म्हणतो.

हे घसरणे एकसारखे असेल तर गाडी अलगद निघते. पण घर्षण कमी-जास्त होऊ लागले तर प्लेट पकडते, सुटते, पुन्हा पकडते. हे सेकंदाला साधारण ५ ते २० वेळा होते आणि तोच हादरा सीट, डॅशबोर्ड आणि गिअर लिव्हरपर्यंत पोहोचतो. क्लच पूर्ण सुटल्यावर घसरणे संपते, त्यामुळे हादरेही थांबतात. फक्त हाफ क्लचमध्येच थरथर आणि एरवी गाडी शांत, ही क्लचच्या दोषाची सर्वात मोठी खूण आहे.

ही थरथर कशामुळे सुरू होते?

पहिले कारण उष्णता. घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये गाडी हाफ क्लचवर धरून ठेवण्याची सवय असेल तर प्लेटचे अस्तर तापून काचेसारखे गुळगुळीत होते. फ्लायव्हीलवरही निळसर-काळे डाग पडतात आणि त्या जागी पकड वेगळी मिळते.

दुसरे कारण तेल. इंजिनाच्या मागच्या बाजूचे किंवा गिअरबॉक्सचे ऑइल सील गळू लागले की तेलाचा अंश प्लेटवर जातो. अशा वेळी नुसती प्लेट बदलून उपयोग नसतो. सील तसेच राहिले तर नवी प्लेटही खराब होते.

तिसरे कारण क्लचच्या बाहेरचे आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसवलेले असतात. हे रबर फाटले किंवा बसले की गाडी निघताना इंजिन पुढे-मागे डोलते आणि चांगला क्लचही थरथरल्यासारखा वाटतो. क्लचची केबल अडकत असेल किंवा हायड्रॉलिक क्लचमध्ये हवा शिरली असेल, तरी पेडल एकसारखे सुटत नाही आणि गाडी झटके देते.

पावसाळ्यात एक अपवाद लक्षात ठेवावा. रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या एक-दोन वेळा थरथरू शकते. फ्लायव्हीलवर ओलावा किंवा गंजाचा पातळ थर आलेला असतो, तो घासून गेला की थरथर थांबते. ती थांबत असेल तर लगेच खर्च करण्याचे कारण नाही.

कमी वेगात इंजिन बंद का पडते?

गाडी उभी असताना पेट्रोल इंजिन साधारणपणे मिनिटाला ७०० ते ९०० फेरे घेते. याला आयडलिंग म्हणतात. इतक्या कमी फेऱ्यांवर इंजिनाकडे ताकद जेमतेम असते. त्यात एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला, स्टीअरिंग पूर्ण वळवले किंवा क्लच पकड घेऊ लागला की भार वाढतो. तो पेलण्यासाठी गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, लगेच हवा आणि इंधन वाढवतो. हे वेळेत झाले नाही तर इंजिन बंद पडते.

जुन्या गाडीत त्याची नेहमीची कारणे ठरलेली आहेत. थ्रॉटल बॉडीत कार्बन साचून हवेची वाट अरुंद होते. स्पार्क प्लग झिजतात किंवा इग्निशन कॉइल कमजोर होते आणि एखादा सिलिंडर ‘मिस’ मारतो. हवेचा एखादा रबरी पाइप चिरतो आणि मोजमापाबाहेरची हवा आत शिरते. इंधन पंपाचा दाब कमी होतो. गाडी तापल्यावरच बंद पडत असेल आणि थंड झाल्यावर सुरू होत असेल, तर क्रँकशाफ्टच्या सेन्सरवरही संशय घ्यावा.

क्लचही इंजिन बंद पाडू शकतो. पेडल पूर्ण दाबूनही पकड पूर्ण सुटत नसेल तर गिअरमध्ये थांबताना इंजिनावर भार राहतो. अशा गाडीत रिव्हर्स टाकताना गिअर किरकिरतो आणि पहिला गिअर जड पडतो.

दोन्ही तक्रारी एकत्र का दिसतात?

आयडलिंग कमजोर असेल तर गाडी बंद पडू नये म्हणून चालक नकळत रेस वाढवतो आणि क्लच हळू सोडतो. प्लेट जास्त वेळ घसरते, तापते आणि काही महिन्यांत थरथरू लागते. म्हणजे काहीशे रुपयांच्या प्लगचे दुखणे क्लचपर्यंत पोहोचते. उलटही घडते. थरथरणारा क्लच एकदम पकडला की चांगले इंजिनही बंद पडते.

दोष ओळखायचा कसा?

यासाठी महागडे यंत्र लागत नाही. सपाट, मोकळी जागा आणि अर्धा तास पुरतो.

१. गाडी थंड असतानाच पाहायला जा. बॉनेटला हात लावून पाहा. विकणाऱ्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर थंड इंजिनाचे दोष दिसत नाहीत.

२. न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू ठेवा. आरपीएमचा काटा वर-खाली होतो का पाहा. मग एसी आणि हेडलाइट लावून स्टीअरिंग वळवा. काटा क्षणभर हलून स्थिरावला तर ठीक. इंजिन गुदमरले तर दोष इंजिनाकडे.

३. न्यूट्रलमध्येच हळूहळू रेस द्या. इथेही गाडी हादरत असेल तर प्लग, कॉइल किंवा माउंटिंग तपासा. क्लचचा इथे संबंध नाही.

४. पहिला गिअर टाकून क्लच अगदी सावकाश सोडा. थरथर फक्त याच वेळी येते का? तीच चाचणी रिव्हर्समध्ये करा. एकाच दिशेला हादरे जास्त असतील तर माउंटिंगही पाहायला सांगा.

५. तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरच्या आसपास एकदम रेस द्या. आरपीएम झपाट्याने वाढले आणि वेग मात्र वाढला नाही, तर प्लेट घसरते आहे. तिचे आयुष्य संपत आले आहे.

६. वीस-पंचवीस मिनिटे ट्रॅफिकमध्ये चालवून हीच चाचणी पुन्हा करा. चढावर थांबून हँडब्रेक लावून गाडी उचलून पाहा.

गेल्या दहा-बारा वर्षांतल्या पेट्रोल गाड्यांत डॅशबोर्डखाली ओबीडी सॉकेट असते. मेकॅनिकला स्कॅनर लावायला सांगा. मात्र क्लचच्या थरथरीचा कोड स्कॅनरवर सहसा येत नाही. ‘कोड नाही म्हणजे दोष नाही’ हा युक्तिवाद मान्य करू नका.

ई२० पेट्रोलमुळे हे होते का?

क्लचच्या थरथरीशी इंधनाचा थेट संबंध नाही. बंद पडण्याशी मात्र असू शकतो. इथेनॉलसाठी इंजिनाला थोडे जास्त इंधन द्यावे लागते. चांगल्या स्थितीतल्या गाडीत ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने ईसीयू हा फरक भरून काढतो. पण इंजेक्टर तुंबलेले असतील, पंप थकलेला असेल किंवा सेन्सर मंदावला असेल, तर थंड इंजिन अडखळू शकते. इथेनॉल पाणीही शोषते, त्यामुळे महिनोन् महिने उभी राहिलेली गाडी घेताना टाकीतल्या जुन्या इंधनाचा विचार करावा.

दुर्लक्ष केले तर धोका किती?

चालत्या गाडीत इंजिन बंद पडले की स्टीअरिंग जड होते. ब्रेकचा बूस्टर साठलेल्या निर्वातावर एक-दोन वेळाच साथ देतो, त्यानंतर पेडल दगडासारखे लागते. घाटातल्या कोंडीत मागे ट्रक असताना हे परवडणारे नाही. असे झाल्यास ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा, पुन्हा पुन्हा दाबू नका. गाडी थांबली की हँडब्रेक लावा आणि धोक्याचे दिवे सुरू करा.

दुरुस्ती आणि सौदा करताना काय सांभाळावे?

क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवा. आधी प्लग, थ्रॉटल बॉडी, पाइप आणि माउंटिंग, मग क्लचची केबल किंवा हायड्रॉलिक, आणि शेवटी गिअरबॉक्स उतरवणे. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर काही गाड्यांत ईसीयूला आयडलिंग पुन्हा शिकवावे लागते. ते झाले का, हे विचारा. गिअरबॉक्स उतरलाच तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदला, ऑइल सील पाहा आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तपासून घ्या. मजुरी एकदाच पडते. जुने भाग परत मागा. प्लेट तेलकट आहे की जळालेली, हे त्यावरूनच कळते.

सौदा ठरण्याआधी दोष सापडला तर दुरुस्तीचे लेखी अंदाजपत्रक घेऊन किंमत कमी करून मागता येते. डीलरकडून घेत असाल तर ‘इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी’ या शब्दांवर समाधान मानू नका. क्लच हा झिजणारा भाग म्हणून त्यातून अनेकदा वगळलेला असतो. वॉरंटीत काय येते आणि काय नाही, हे पावतीवर लिहून घ्या. डीलरने दिलेले लेखी आश्वासन पाळले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. खासगी मालकाकडून थेट घेतलेल्या गाडीत हा आधार सहसा मिळत नाही, त्यामुळे तिथे पैसे देण्याआधीची तपासणीच कामी येते.