काजळी, शाई आणि साबणाचे पाणी

कोकणकिनाऱ्यावरील एका वाचकांनी, पावसाळी मासेमारीबंदीत आपली फायबरची होडी वाळूवर ओढून ठेवल्यानंतर, एक कैफियत आमच्याकडे धाडली आहे. पिछाडीला इंजिनाची धूर सोडणारी नळी जेथे बाहेर येते, तेथपासून होडीच्या पांढऱ्या अंगावर हात-दीड हात लांबीचा काळा पट्टा उमटला असून तो खाऱ्या पाण्यात साबण लावून जात नाही, रॉकेलाने नुसता पसरतो, आणि दुकानदाराने मोठ्या खात्रीने दिलेल्या आम्लाने तर तो यत्किंचितही ढळला नाही. तेव्हा यावर इलाज काय, असे ते विचारतात. प्रश्न व्यवहारातला आहे, परंतु त्याच्या उत्तरामागे एका स्त्रीच्या आयुष्यभराच्या निरीक्षणाची कथा दडलेली असल्यामुळे, वाचकांनी थोडा धीर धरावा अशी विनंती आहे.

प्रथम हा पट्टा कशाचा, ते पाहू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत तेलाचा फवारा सोडला जातो व तो आपोआप पेटतो. या फवाऱ्याच्या गाभ्यात तेल फार आणि प्राणवायू तोकडा, अशी स्थिती क्षणभर असते, आणि त्या क्षणात कार्बनचे सूक्ष्म गोळे जन्म घेतात. त्यांतील बहुतेक पुढच्याच क्षणी जळून जातात; जे वाचतात ते द्राक्षांच्या घडासारखे एकमेकांना चिकटून नळीवाटे बाहेर पडतात. एकेक गोळा साधारण वीस-तीस नॅनोमीटरचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीत असे दोन-तीन हजार गोळे शेजारी शेजारी बसतील इतका लहान असतो, आणि त्याच्या अंगाला अर्धवट जळलेल्या तेलाचा चिकट लेप असतो. होडी पुढे सरकताना तिच्या पिछाडीमागे हवेचा दाब किंचित उतरतो, तेथे भोवरे उठतात, आणि मागे पडावयाचा धूर उलट फिरून तिच्याच अंगावर येऊन बसतो. उन्हाने त्या अंगावरची राळ विटलेली व सच्छिद्र झालेली असली, की काजळीला घर करावयास जागा आयतीच मिळते.

आता आम्लाचा मामला. ऑक्झॅलिक आम्ल गंजाचा डाग उत्तम काढते, कारण गंजातील लोहाशी त्याचा संयोग होऊन पाण्यात विरघळणारा पदार्थ तयार होतो. काजळीचे मात्र तसे नाही. तिच्यातील कार्बनचे अणू पेन्सिलीतल्या ग्राफाइटाप्रमाणे पापुद्र्यांत घट्ट गुंफलेले असून, तिला विरघळवील असा द्रव कोणत्याही दुकानात नाही, आणि रंगाचा नाश करणारे क्लोरीनयुक्त पाणीही तिच्यापुढे निष्प्रभ ठरते. ‘काजळी विरघळवणारे’ असा मजकूर ज्या बाटलीवर छापलेला असेल, तो छापणाराने ग्राहकाची दिशाभूल केली आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. रॉकेल विरघळवते ते काजळीभोवतीचे तेल. मोकळी झालेली काजळी मग ते फडक्याबरोबर चहूकडे नेते. वाचकांनी पाहिले ते नेमके हेच.

काजळीच्या या अविनाशीपणाचा दाखला पाहिजे असेल तर पुण्याच्या पेशवे दफ्तरात जावे. तेथील मोडी कागद पिवळे पडले, कोठे कसरीने खाल्ले, परंतु बोरूने ओढलेली अक्षरे आजही काळीभोर आहेत, कारण ती शाई दिव्याच्या काजळाची होती. ती कशी करीत, हे आपल्या होडीच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. नुसते काजळ पाण्यात टाकले तर ते वर तरंगते वा गोळे होऊन तळाशी जाते. परंतु डिंकाच्या पाण्यात ते तासन्‌तास घोटले, म्हणजे प्रत्येक कणाभोवती डिंकाचे आवरण चढते, कण एकमेकांपासून अलग राहतात, आणि पाणी त्यांना बोरूच्या टोकापर्यंत सुखरूप वाहून नेते. काजळ विरघळलेले नसते. ते पांघरूण घेऊन प्रवासाला निघालेले असते. होडीवरचा डाग काढणे म्हणजे तत्त्वतः होडीच्या अंगावर शाई तयार करणे होय, आणि डिंकाच्या जागी तेथे साबण असतो. बेल्जममधील लिएज येथील वाल्टेर स्प्रिंग या रसायनज्ञाने १९०९ च्या सुमारास हे एका साध्या प्रयोगाने दाखविले: पाण्यात कालवलेली काजळी गाळणकागद अडवून धरतो, पण साबणाच्या पाण्यातली काजळी त्याच कागदातून सरळ पार होते!

साबण हे पांघरूण घालतो कसा, हे कळण्याची वाट मात्र जर्मनीतील ब्राउनश्वाइगच्या एका स्वयंपाकघरातून गेली. आग्नेस पॉकेल्स (१८६२–१९३५) हिला स्त्री म्हणून विद्यापीठाचे दार बंद होते. आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि घरची भांडी हा तिचा नित्यक्रम. भांड्यांच्या खरकट्या पाण्याच्या पृष्ठभागावर तेलाची साय पसरली की पाण्याचे वर्तन पालटते, हे तिच्या ध्यानी आले, आणि वयाच्या विशीच्या आसपासच तिने त्याचे मापन आरंभिले. सत्तर सेंटिमीटर लांब व पाच रुंद असे पत्र्याचे भांडे, काठोकाठ पाणी, त्यावर आडवी ठेवलेली पत्र्याची पट्टी, आणि पृष्ठभागाचा ताण मोजावयास तराजूला टांगलेली एक लहानशी चकती, एवढीच तिची सामग्री. पट्टी सरकवली की साय आकसते अथवा पसरते, आणि ताण कोठे एकाएकी बदलतो, ते तराजू सांगतो. धाकट्या भावाचा तिला आधार होता: भौतिकी शिकणारा फ्रीडरिश तिला ग्रंथ पुरवी. जानेवारी १८९१ मध्ये तिने हे सारे पत्राने इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांस कळविले. रॅले स्वतः त्याच विषयावर काम करीत होते. ते पत्र दडपून ठेवणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी पत्नीकडून त्याचे भाषांतर करवून घेतले व ‘नेचर’ या नियतकालिकाकडे शिफारशीसह पाठविले, आणि १२ मार्चच्या अंकात ते प्रसिद्ध झाले. विज्ञानाच्या बखरीत अशी उदारता विरळा.

पुढे अमेरिकेत रसायनज्ञ आयर्व्हिंग लँगम्यूर यांनी तेच भांडे सुधारून, पाण्यावरील सायीत रेणू एका ओळीने, पाणी आवडणारे टोक खाली व तेलकट टोक वर करून उभे असतात, असे सिद्ध केले, आणि १९३२ चे नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले. काजळीच्या कणाला साबण वेढतो तो अशाच रेणूंच्या योगाने: तेलकट टोके कणाकडे, उरलेली पाण्याकडे. प्रयोगशाळांतून त्या भांड्याला आज लँगम्यूरचे नाव आहे. त्याच १९३२ साली, सत्तराव्या वर्षी, पॉकेल्सबाईंना ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यालयाने सन्माननीय पदवी दिली. पण भांड्याचे नाव बदलले नाही. मला हा अन्याय वाटतो.

आता होडीकडे वळू. खाऱ्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाला निकामी करतात, सबब गोडेच पाणी घ्यावे, आणि साबणाऐवजी तेल काढणारे डिटर्जंट. उन्हात काम करू नये. पाणी सुकले की सुटलेली काजळी पुन्हा जागीच बसते. डिटर्जंट खालून वर लावीत जावे, कारण वरून ओघळलेले काळे पाणी कोरड्या अंगावर ज्या रेषा सोडते त्या नंतर निघता निघत नाहीत. पाच मिनिटे मुरू द्यावे, मऊ ब्रशाने घोळवावे, भरपूर पाण्याने धुवावे, आणि हे दोनतीनदा करावे. एवढ्याने जी करडी छटा उरेल ती छिद्रांत शिरलेली असते. तिला बारीक रबिंग कंपाउंडने राळेच्या वरच्या थरासह झिजवण्यावाचून उपाय नाही. शेवटी मेणाचे पॉलिश द्यावे, म्हणजे पुढची काजळी राळेऐवजी मेणावर बसेल.

हातमोजे अवश्य घालावेत. धुराडी झाडणाऱ्यांना काजळीमुळे कर्करोग होतो, हे लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच नोंदविले होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला निश्चित कर्करोगकारकांच्या वर्गात घातले आहे. धुण्याचे पाणीही खाडीत सोडू नये. जो रेणू काजळीला वेढतो तो माशांच्या कल्ल्यांनाही इजा करतो.

आणखी एक. धूर इतका काळा का, याचा तपास या बंदीतच करावा. इंजिनाचे नोझल व हवेची जाळी तपासून घ्यावी, आणि होडी पाण्यात उतरवण्यापूर्वी तिच्या बुडावरचे व पंख्यावरचे शिंपल्यांचे थर खरवडून काढावेत. त्या थरांमुळे इंजिनाला तेवढ्याच वेगासाठी अधिक तेल जाळावे लागते, आणि पाण्याखाली वाढलेले शिंपले पाण्यावर काळा पट्टा होऊन दिसतात.